धबधब्याआडची लेणी

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी मळवली स्टेशनात लोकल थांबते आणि निम्मा डबा रिकामा होतो. काही जण भाज्याच्या धबधब्याकडे वळतात, काही लोहगडाची वाट धरतात, काही पलीकडे कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जातात. ही गर्दी चुकीच्या ठिकाणी जाते असं मी म्हणणार नाही. भाज्याचं लेणं आणि कार्ल्याचं चैत्यगृह पाहिल्याशिवाय महाराष्ट्र पाहिला असं म्हणता येत नाही. लोहगड तर २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला आहे. पण याच बोरघाटाच्या दोन अंगांना, साधारण त्याच काळात कोरलेली आणखी दोन मोठी लेणी आहेत. घाटाखाली कर्जतच्या बाजूला कोंडाणे आणि घाटावर कामशेतजवळ बेडसे. शनिवारी एक, रविवारी दुसरं, असा बेत दोघांना सहज जमतो. आम्ही नवरा-बायको पावसाळ्यात हीच जोडी धरून चालतो. मुक्काम लोणावळा-कामशेत पट्ट्यात कुठेही करता येतो आणि दोन्हीकडे रेल्वेने पोचता येतं.

या दोन वाटांवर चालताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. सह्याद्रीत धबधबा आणि लेणं एकमेकांच्या शेजारी सापडतात, तो योगायोग नाही. दोन्ही एकाच कातळाची कामं आहेत आणि दोन्हींचा ऋतूही एकच आहे. गर्दीच्या जागी धबधबा दिसतो, लेणंही दिसतं, पण त्यांचं नातं दिसत नाही. ते दिसायला जरा वेळ थांबून वर छताकडे आणि खाली पायाकडे पाहावं लागतं, आणि तशी मोकळीक या दोन वाटांवर अजून मिळते.

सुरुवात दगडापासून करू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारताचा भूखंड आजच्यापेक्षा बराच दक्षिणेला असताना, जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा बाहेर आला. ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा डोंगर डोळ्यांपुढे येतो, इथे तसं घडलं नाही. पातळ लाव्हा दूरवर पसरला, थिजला आणि काही काळाने त्यावर दुसरा थर आला. एकावर एक भाकऱ्या रचाव्यात तसे हे थर साचत गेले. झिजून उरलेल्या या बेसॉल्टने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते.

प्रत्येक थर आतून एकसारखा नसतो, आणि पुढचं सगळं यातूनच घडतं. थराचा मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो घट्ट आणि काळाकभिन्न असतो. वरच्या भागात निसटून जाऊ पाहणारे वायूचे बुडबुडे अडकतात आणि दगड सच्छिद्र होतो. ही छिद्रं पुढे पाण्यातून आलेल्या क्षारांनी भरतात. वाटेवरच्या दगडात पांढरे ठिपके दिसतात ते बहुतेक याच जातीचे, झिओलाइट गटातल्या खनिजांचे. दोन थरांच्या मध्ये मोठा काळ गेला असेल तर तिथे विटकरी रंगाचा मातकट पट्टाही सापडतो. पाऊस-वाऱ्यापुढे घट्ट थर ताठ उभा राहतो, त्याचा कडा होतो. मऊ थर ढासळतो, त्याचा उतार होतो आणि त्यावर माती धरते, रान वाढतं. कडा, मग पदरातलं रान, पुन्हा कडा, वर माची. सह्याद्रीचा कुठलाही डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो तो यामुळे.

आता या पायऱ्यांवर पाणी सोडा. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात त्याचा पाचवा हिस्साही नाही. माथ्यावर मातीचा थर पातळ आणि खाली घट्ट कातळ, त्यामुळे पाणी मुरायला फारशी जागा नसते. ते माचीवरून धावत येतं आणि कड्याच्या काठावरून उडी घेतं. म्हणूनच हे धबधबे पाऊस सुरू झाला की उठतात आणि दिवाळीपर्यंत विरतात. पडणाऱ्या पाण्याचे तुषार कड्याखालचा मऊ थर पोखरतात. वरचा घट्ट थर पुढे आलेल्या छपरासारखा राहतो आणि पाण्याच्या मागे एक कपार तयार होते. कपार फार खोल गेली की वरचा आधारहीन कातळ कोसळतो. धबधब्याच्या पायथ्याशी डोंगराएवढ्या शिळा पडलेल्या दिसतात त्या अशा आलेल्या असतात. काठ थोडा मागे सरकतो आणि पोखरणं पुन्हा सुरू होतं. सह्याद्रीचा पश्चिमेकडचा अख्खा कडा असाच हळूहळू पूर्वेकडे हटत आला आहे.

लेणं कोरणाऱ्या पाथरवटाला काय हवं होतं ते या पार्श्वभूमीवर पाहा. त्याला उभा, उघडा कातळ हवा, म्हणजे कोरायला लगेच सुरुवात करता येते. तो थर जाड आणि सलग हवा, त्यात उभ्या भेगा कमी हव्यात, नाहीतर छत गळतं आणि तुकडे निघतात. वर जरा पुढे आलेला काठ असेल तर उत्तम. आणि जवळ पाणी हवं. या सगळ्या गोष्टी एकत्र जिथे मिळतात ती जागा बहुतेक वेळा ओढ्याने कापलेली दरी असते. अजिंठ्याला हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. वाघूर नदी सातकुंडातून टप्प्याटप्प्याने खाली येते, घोड्याच्या नालासारखं वळण घेते आणि त्या वळणाच्या कड्यात लेण्यांची रांग आहे. नदीने कडा उघडा करून दिला नसता तर अजिंठ्याची लेणी तिथे झाली नसती.

ऋतूचा भाग आणखी थेट आहे. बौद्ध भिक्षूंनी वर्षभर फिरत राहावं, पावसाळ्याचे तीन महिने मात्र एका जागी राहावं, असा नियम होता. आषाढी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होणारा हा वर्षावास. पुढे काही लेण्यांत भिक्षू कायमचे राहू लागले, तरी डोंगरात निवारा कोरण्यामागची मूळ गरज पावसाळ्याचीच. आपण लेणी पाहायला हिवाळ्यातला कोरडा, सोयीचा दिवस निवडतो. मला वाटतं, एकदा तरी ती धो धो पावसात पाहावीत, कारण ती त्याच दिवसांसाठी कोरलेली आहेत.

कोंडाण्याला जायचं तर कर्जत स्टेशनवर उतरून कोंदिवड्यापर्यंत रिक्षाने जायचं आणि पुढे चालायचं. ही उल्हास नदीची दरी. जुलैमध्ये दोन्ही बाजूंना भातखाचरांत लावणी चालू असते, पहिल्या पावसात ओढ्यांना चढणीचे मासे येतात आणि ते धरायला पोरंबाळं पाण्यात उतरलेली असतात. खाचरं संपली की राजमाची किल्ल्याच्या पदरातलं दाट रान सुरू होतं. वाट अवघड नाही, पण निसरडी आहे आणि मध्ये ओढे लागतात. तास-दीड तासात झाडीतून एकदम काळा कडा समोर येतो. पाऊस लागलेला असेल तर लेणं दिसण्याआधी पाणीच दिसतं. कड्याच्या माथ्यावरून ते चैत्यगृहाच्या दर्शनी भागासमोर सरळ खाली पडत असतं.

पाण्याच्या कडेने आत गेलात की तुम्ही इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या सभागृहात उभे असता. मागे स्तूप, वर पिंपळपानी कमान, बाजूला खांबांची रांग. दर्शनी भागाचा खालचा हिस्सा मुळात लाकडी होता, तो केव्हाच गेला. दगडात वासे, तुळया, कमानी कोरलेल्या दिसतात त्या लाकडी इमारतीच्या सवयीने आलेल्या. डोंगर कोरणाऱ्याला वाशांची गरज नव्हती, पण पवित्र वास्तू कशी दिसावी याचं त्याच्या मनातलं चित्र लाकडाचं होतं. शेजारच्या विहाराच्या छतातही तुळयांची अशीच चौकट कोरलेली आहे.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. ओलीमुळे चैत्यगृहातल्या बऱ्याच खांबांचे खालचे भाग झडून गेले आहेत. वरचे तुकडे छताला लोंबत राहिलेत आणि तरीही छत जागच्या जागी आहे. बांधलेल्या इमारतीत खांब गेला की छत खाली येतं. लेण्यात खांब छताला तोलत नाही. छत, खांब आणि जमीन हा एकच अखंड दगड आहे, त्यातला नको तो भाग काढून टाकलेला. काम वरून खाली चालायचं. आधी छताची घडण पूर्ण करायची, मग पायाखालचा दगड काढत उतरत जायचं, म्हणजे परांची बांधायची गरजच पडत नाही. एक घाव चुकला तर मात्र दगड परत लावता येत नाही. पुस्तकातल्या आकृतीवरून मला हे कधी नीट उमगलं नव्हतं, त्या लोंबणाऱ्या खांबांखाली उभं राहिल्यावर क्षणात कळलं.

दर्शनी भागाच्या एका बाजूला भंगलेल्या मोठ्या मूर्तीचा अवशेष आहे आणि तिच्याजवळ ब्राह्मी लिपीत छोटा लेख. कण्हाचा शिष्य बलक याने हे घडवलं, एवढाच त्याचा आशय. राजा नाही, शेठ नाही, तर गुरूचं नाव आधी सांगून स्वतःचं नाव कोरणारा एक शिष्य. त्या काळच्या लेखांमध्ये दात्यांची गर्दी असते. घडवणाऱ्याचं म्हणता येईल असं नाव इतक्या जुन्या काळात फार थोड्या ठिकाणी टिकून आहे.

ज्या पाण्याने हा कडा उघडा केला त्याच पाण्याने लेण्याचा चेहरा खाल्ला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली ते आहे, पण पावसाला कोण अडवणार? म्हणून निदान माणसाने भर घालू नये. उरलेल्या खांबांना टेकू नये, कोरीव भागावर चढू नये.

आणि जिवाचं बोललंच पाहिजे. वरच्या माचीवर ढग फुटला तर खाली ऊन असतानाही ओढ्याला लोंढा येतो. कातळ पाणी पीत नाही, त्यामुळे वर पडलेलं पाणी मिनिटांत खाली पोचतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी काही क्षणांत वाढलं आणि सगळे जण मध्यभागी एकमेकांना धरून उभे असतानाच ओढले गेले. लोंढ्याची चाहूल थोडी आधी लागते. पाणी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागतात, आवाज जड होतो. यातलं काहीही जाणवलं की काठ गाठायचा, सामान मागे राहिलं तरी चालेल. धबधब्याच्या थेट खाली उभं राहू नये, कारण पाण्याबरोबर वरून दगडही येतात. कोंदिवड्यात एका मावशींनी आम्हाला अडवून सांगितलं होतं, "ताई, वर काळं झालंय, आता ओढा उतरू देणार नाही. घटकाभर बसा हितंच." आम्ही बसलो. पुढच्या अर्ध्या तासात जे पाणी त्या ओढ्यातून गेलं ते पाहिल्यावर गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय आम्ही एकही ओढा ओलांडलेला नाही. पावसाळ्यात प्रशासन काही जागांवर बंदी घालतं, तीही निघण्याआधी पाहून घ्यावी.

रविवारचं बेडसे हे वेगळंच प्रकरण आहे. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागायचं आणि करुंज-बेडशाकडे वळायचं. गावामागच्या डोंगरावर निम्म्यापर्यंत पायऱ्या आहेत. बाजूने पावसाळी ओहोळ पडत असतात, पण ते कोंडाण्यासारखे अंगावर येत नाहीत. आपण घाटमाथ्यापासून पूर्वेला आलो, पाऊस कमी झाला, याचा तो पुरावा. समोर मावळाचा हिरवा पट्टा उघडत जातो. सप्टेंबरच्या मध्यावर आलात तर उतार सोनकीच्या फुलांनी पिवळे झालेले असतात.

वर पोचल्यावर लेणं दिसत नाही. दोन प्रचंड शिळा न कोरता तशाच ठेवलेल्या आहेत आणि त्यांच्यामधून अरुंद बोळ आत जातो. बोळातून दोन पावलं टाकली की एकदम पंचवीसेक फूट उंचीचे खांब समोर. मधले दोन पूर्ण, कडेचे दोन भिंतीला लागून. वर घंटेसारखा भाग, त्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती, घोडे, बैल आणि त्यांच्यावर स्वार झालेले स्त्री-पुरुष. लेण्याचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळच्या उन्हात हे चेहरे स्पष्ट दिसतात. दहानंतर पोचलात तर निम्मी मजा गेली. या स्वारांच्या अंगावर दागिने आहेत, डोक्याला भरगच्च पागोटी आहेत, आणि जोडीने बसण्यातली सहजता आहे. भिक्षूंच्या प्रार्थनागृहाच्या दारात संसारी माणसांच्या या जोड्या का? एक उत्तर असं की लेण्याचा खर्च संसारी माणसांनीच केला. कार्ल्याच्या दर्शनी भागातही अशी मोठी युगुलं आहेत. पण बेडशात ती उंचावर आहेत आणि खाली बहुधा दुसरं कुणी नसतं, त्यामुळे मान वर करून कितीही वेळ पाहता येतं. दोघांनी मिळून पाहावं असं महाराष्ट्रात काय आहे, असं मला कुणी विचारलं तर मी या खांबांकडे बोट दाखवीन.

लाकडी दर्शनी भागाकडून पूर्ण दगडी दर्शनी भागाकडे झालेला प्रवास भाजे, कोंडाणे, बेडसे, कार्ले या क्रमाने वाचता येतो. काल ज्या जागी लाकूड गेल्याने मोकळी चौकट दिसली, तिथे आज दगडाची ओसरी, जाळ्या आणि चैत्यकमानींची नक्षी आहे. सलग दोन दिवसांत दोन्ही पाहण्याचा फायदा हाच. आदल्या दिवशीचा डोळा ताजा असतो.

शेजारचा विहारही चुकवू नका. एरवी विहार म्हणजे चौकोनी दालन आणि सपाट छत. इथे मागची बाजू अर्धगोल आणि छत चैत्यगृहासारखं कमानदार आहे, आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या. असा विहार दुसरीकडे सापडत नाही. त्याच्या मागच्या भिंतीला शेंदूर लावलेली यमाई आहे. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी या परिसरात पायी हिंडले होते आणि अशा देवतांच्या ठाण्यांकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. जुन्या वाटा जिथे मिळतात तिथे देवीची ठाणी असतात आणि पुढे व्यापारी मार्ग व लेणी त्याच वाटांवर येतात, अशी त्यांची मांडणी. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे त्यांचं पुस्तक १९६२ चं, पण ते वाचून या डोंगरात आलं की पायाखालची वाटही पाहण्याची गोष्ट होते.

वाट किती जुनी याची साक्ष बेडशाचे लेख देतात. ओसरीतल्या एका खोलीच्या दारावरच्या लेखात दाता आहे तो नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा, पुष्यणक. नाशिकचा शेठ मावळातल्या लेण्याला देणगी देतो, कारण सोपारा आणि कल्याणच्या बंदरांवरून माल घाट चढून जुन्नर, पैठण, तेरकडे जायचा आणि लेणी त्या वाटांवर होती. तीच खिंड १८६३ मध्ये रेल्वेने घेतली. दुसरा लेख एका पाण्याच्या टाक्यावर आहे. ते टाकं एका स्त्रीने दिलं: महाभोजाची मुलगी, महारठिणी सामडिनिका, आपदेवणकाची पत्नी. चार महिने कड्यावरून कोसळणारं पाणी उरलेले आठ महिने कुठे मिळणार, हा त्या डोंगरावरचा खरा प्रश्न होता आणि तिच्या दानाने तो थोडा सुटला. लेण्याच्या दर्शनी बाजूला कोरलेल्या पन्हळी आणि टाक्यांची तोंडं शोधत फिरलात तर छतावरचं पाणी कसं वळवलं होतं ते हळूहळू उलगडतं. ही कला पूर्ण बहरलेली पाहायची तर बोरिवलीजवळच्या कान्हेरीला जावं. तिथे शंभरावर लेण्यांना टाक्यांची आणि पन्हळींची अख्खी व्यवस्था आहे.

तिसरा लेख एका लहान स्तूपावर आहे. हा स्तूप गोभूति नावाच्या भिक्षूचा. तो मारकुड डोंगरावर राहायचा, अरण्यात राहून भिक्षेवर जगायचा, आणि त्याच्या शिष्याने त्याच्यासाठी हा स्तूप केला. चैत्यगृह पाहून लोक परततात, या स्तूपाकडे फारसं कुणी वळत नाही. मी दर वेळी तिथे जातो. या डोंगरातला एकांत आपल्याला आज सापडला असं वाटतं, पण तो हवा म्हणून इथे येऊन राहिलेल्या माणसाचं नाव दगडावर लिहिलेलं आहे.

बेडशाहून दुपारी उतरलं की कामशेतला लोकल मिळते. बॅगेत विजेरी, सुके कपडे आणि कचरा परत आणायला एक पिशवी एवढं असलं की पुरे. गाण्यांचा स्पीकर घरी ठेवावा. कमानदार छताखाली साधं बोलणंही घुमतं.

ही जोडी झाली की पुढची जुन्नरची. तिथे वेगवेगळ्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. गर्दी लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला असते, पण तुळजा लेण्याकडे वळणारे कमी. तिथलं चैत्यगृह गोल आहे, मध्ये स्तूप आणि भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट. पुढे नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रदीर्घ लेख एका लेण्याच्या भिंतींवर आहे, आणि त्यात दिलेल्या दक्षिणेच्या संख्या आकड्यांत कोरलेल्या आहेत. त्याच घाटाच्या कड्यावर जोराचा पश्चिम वारा असला की पडणारं पाणी पुन्हा वर उडतं. कोकणातून आलेल्या वाऱ्याला उभा कडा आडवा येतो, वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं आणि जाताना तो काठावरचं पाणी सोबत घेऊन जातो. जुलै-ऑगस्टमध्ये वारा चांगला असेल असा दिवस पाहून जा, आणि काठापासून लांब उभे राहा.